शनवार तेल्यांच्या घरातला खेळ

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या हनुक्कात, माझी एक जुनी मैत्रीण अश्दोदहून दिमोनाला मला भेटायला आली. अलिबागच्या इस्रायल आळीत आम्ही दोघी समोरासमोरच्या घरांत वाढलो. दार उघडेच होते. ती आत आली तेव्हा मी कोचावर बसून, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, दोन्ही हातांत खेळाचे बटणांचे यंत्र धरून टीव्हीकडे टक लावून बसले होते.

"अगं, हे काय? ऐंशी वर्षांची झालीस! नातवंडांचा खेळ हिसकावून घेतलास की काय?"

मी म्हटले, "बस गं पाच मिनिटं. विहिरीचा काठ तेवढा बांधून होऊ दे."

ती बसली, पण चहा होईपर्यंत तिचा चेहरा काही सरळ झाला नाही. शेवटी म्हणालीच, "आपल्या लोकांना हे शोभत नाही. ही अमेरिकेची खुळं. मुलांना शब्बाथ कळेनासा झालाय तो यामुळंच."

तिला मी थोडेफार उत्तर दिले. पण तिच्या बोलण्यात खरेही बरेच होते, आणि ते आमच्या घराने चांगलेच सोसले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हाच तंटा चालू असेल म्हणून सगळी हकिगत लिहून काढते.

आधी अमेरिकेच्या खुळाविषयी. या खुळाचे मूळ एका ज्यू निर्वासिताच्या डोक्यात आहे, हे मला मुलाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. राल्फ बेअर हे त्या गृहस्थाचे नाव. १९२२ साली जर्मनीत जन्म. ज्यू म्हणून शाळेतून काढून टाकलेला मुलगा. १९३८ साली, नोव्हेंबरमधल्या त्या भयंकर रात्रीच्या थोडे आधी, त्याचे कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेला पोचले. पुढे तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर झाला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या एका बसस्थानकावर कोणाची तरी वाट पाहत असताना त्याच्या मनात आले की, घरोघरी हे टीव्हीचे खोके आले आहे, लोक त्याच्यापुढे नुसते बघत बसतात, त्याच्याशी खेळता आले तर? त्याने लगेच टिपणे काढली, आणि त्यातून घरात खेळायचे पहिले यंत्र तयार झाले. १९७२ साली ते 'ओडिसी' या नावाने बाजारात आले. पडद्यावर तीन ठिपके. दोन खेळाडूंचे आणि एक चेंडू. गुण मोजण्याची सोय नव्हती, ते आपले आपण कागदावर लिहायचे. पडद्याला चिकटवायला रंगीत पारदर्शक तक्ते असत, आणि गंमत म्हणजे खोक्यात फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही असत. म्हणजे पत्त्यांच्या डावात आणि टीव्हीच्या डावात त्याला काही फार अंतर वाटत नव्हते. बहुतेक खेळ दोघांनी शेजारी बसून खेळायचे होते. बेअर २०१४ साली वारला.

ही शेजारी बसण्याची गोष्ट मनात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आमच्या घराविषयी. आपले पूर्वज कोकणात तेल गाळीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. आमच्या घरचा घाणा आजोबांच्या वेळेपर्यंत चालत होता. माझ्या लहानपणी तो परसात नुसता उभा होता आणि आम्ही पोरे त्याच्यावर चढत होतो. आजी सांगे की शुक्रवारी दुपारी उन्हे कलली की आजोबा बैल सोडीत. खोबरे अर्धवट पिळून झालेले असो की गिऱ्हाईक भांडे घेऊन दारात उभे असो, घाणा थांबला म्हणजे थांबला. "ते खोबरं कुठं पळून जातंय?" असे ते म्हणत.

आणि घाणा थांबला म्हणजे घरात खेळ सुरू होई. शब्बाथच्या दुपारी मोठी माणसे लवंडली की आम्ही मुली ओटीवर सागरगोटे घेऊन बसत असू. समुद्रकाठच्या काटेरी झुडपातल्या त्या राखी, टणक, गुळगुळीत बिया. एक वर उडवायची, खालची उचलायची, आणि वरची पडायच्या आत झेलायची. माझा हात त्यात चांगला होता. आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ उतरला की वडील स्वतः पत्ते काढीत. आठवडाभर ज्यांच्याशी बोलायची आमची छाती होत नसे ते वडील त्या रात्री आमच्यासारखेच हरत, चिडत, आणि क्वचित लबाडीही करीत.

१९६९ साली आम्ही इस्रायलला आलो. आमचे लग्न होऊन वर्ष झाले होते. दिमोना हे गाव १९५५ साली वसलेले, म्हणजे आमच्यापेक्षाही लहान. भोवताली वाळवंट, मध्ये सिमेंटच्या चाळी. आम्ही दोघे कापडाच्या कारखान्यात लागलो, हे एका पाळीला आणि मी दुसऱ्या. एक घरी यायचा तेव्हा दुसरा बाहेर पडायचा. चुलीवरचे भांडे तेवढे दोघांना समाईक. अशा संसारात मुलाशी खेळायला वेळ कोणाला होता? पत्त्यांचा जोड कपाटात राहिला. सागरगोट्यांची चंची आईने निघताना पितळी डब्यात कोंबून दिली होती, तीही डब्यातच राहिली.

आमचा मुलगा १९७४ सालचा. तो दहा वर्षांचा झाला तेव्हा गावातल्या एका दुकानात नाणे टाकून खेळायची यंत्रे आली होती. पाव आणायला दिलेल्या पैशांतून तो नाणी वाचवू लागला. १९८४ साली या देशात महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नसे. त्यामुळे पावाचे पैसे कमी कसे पडतात ते बरेच दिवस आम्हाला कळलेच नाही. कळले तेव्हा यांनी त्याला मारले. मीही अडवले नाही.

१९८७ साली त्याचा बार मिट्झवा झाला. नातेवाइकांनी जी पाकिटे दिली त्या पैशांतून त्याने कमोडोर ६४ हा संगणक मागितला. पैसे बँकेत ठेवावे असे यांचे म्हणणे. पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी मी मुलाची बाजू घेतली आणि कोणाचा तरी वापरलेला कमोडोर घरी आला. तो टीव्हीला जोडायचा. खेळ कॅसेटवर असे. गाण्याची असते तशीच कॅसेट. ती लावून चांगली काही मिनिटे निळ्या पडद्यासमोर बसायचे, तेव्हा खेळ आत उतरे. कधी शेवटी येऊन अडके, की पुन्हा पहिल्यापासून. मुलगा इतका धीर कशालाच धरीत नसे. त्यासाठी मात्र मांडी घालून बसे.

एका शुक्रवारी त्याचा किल्ल्यातला कुठलासा खेळ रंगात आला होता. त्या खेळात मधे थांबून पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायची सोय नव्हती. बंद केला की सगळे गेले. तो शेवटच्या दरवाजापर्यंत पहिल्यांदाच पोचला होता. मी शब्बाथचे दिवे लावायला काडी हातात घेतली होती. यांनी एकदा सांगितले, दोनदा सांगितले. मुलगा म्हणाला, "पपा, पाच मिनिटं. फक्त पाच." हे उठले आणि भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला. मुलगा पडद्याकडेच पाहत राहिला. हे म्हणाले, "आपल्या घरी घाणा थांबला म्हणजे थांबतो. अर्धा झाला, पाव झाला, विचारायचं नाही."

"कुठाय घाणा?" मुलगा म्हणाला, "मी तर कधी पाहिला नाही."

मी दिवे लावले. आशीर्वाद म्हणताना माझा आवाज फुटत नव्हता. रविवारी यांनी तो कमोडोर कपाटाच्या माथ्यावर चढवला आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला. त्यानंतर मुलगा मशिदीत यायचा, पण बापाच्या शेजारी बसायचा नाही. जेवायला यायचा, पण 'हो' आणि 'नाही' यापलीकडे शब्द नाही. साडेतीन वर्षे असे चालले. कोण बरोबर होते? आजही मी यांच्या म्हणण्याला चूक म्हणणार नाही. शब्बाथ पाच मिनिटे उशिरा येत नाही. पण तो खेळ काय आहे, त्याला किती वेळ लागतो, मुलगा कुठवर आला आहे, यातले काहीच आम्हाला माहीत नव्हते. माहीत करून घ्यायला आम्ही एकदाही त्याच्या शेजारी बसलो नव्हतो. आजोबा घाणा थांबवीत, पण त्यांच्या घाण्यावर त्यांची मुलेही कामाला असत. खोबरे कुठवर आले ते सगळ्यांना दिसत होते.

मग आखाती युद्ध आले. १८ जानेवारी १९९१ च्या पहाटे पहिली क्षेपणास्त्रे तेल अवीव आणि हैफावर आली. भोंगे सगळ्या देशात वाजले. आम्ही खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून एक खोली बंद केली होती. दाराखाली ओला टॉवेल, तोंडावर विषारी वायूचा मुखवटा. दिमोनातल्या माणसाला अशा वेळी जास्तच भीती वाटते, त्याचे कारण इथे कोणाला सांगायला नको. त्या दिवशी शुक्रवार होता. शाळा बंद, रस्ते ओस. मुलगा सोळा वर्षांचा. मुखवट्याचा डबा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून गप्प बसला होता.

दुपारी दोनच्या सुमारास हे उठले. स्टुलावर चढून त्यांनी कपाटावरून ते चादरीतले गाठोडे उतरवले, धूळ पुसली आणि बंद खोलीत टीव्हीजवळ आणून ठेवले. म्हणाले, "लाव."

मुलाला खरे वाटेना. हे म्हणाले, "शब्बाथ लागायला दोन तास आहेत. तेवढ्यात एक डाव होईल का?"

"होईल."

"मग मलाही शिकव."

कॅसेट फिरू लागली. आम्ही तिघे निळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. खेळ उतरला. दांडा यांच्या हातात दिला, आणि यांचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा दिला, पुन्हा त्याच खड्ड्यात. तिसऱ्या वेळी मुलगा हसला. साडेतीन वर्षांत मी त्याला बापासमोर हसताना पाहिले नव्हते. तो ओरडू लागला, "पपा, उडी मारा! आता नाही, आता! थांबा!" घरात हिब्रूच बोलणारा मुलगा, पण बापाला खेळ मराठीतून शिकवीत होता, कारण घाईच्या वेळी यांना हिब्रू समजत नसे.

चार वाजले तेव्हा ते दोघे किल्ल्याच्या मध्याशी आले होते. यांनी घड्याळाकडे पाहिले, पण बोलले काही नाही. मुलानेच दांडा खाली ठेवला. "पपा, थांबू या," म्हणाला आणि स्वतः बटण बंद केले. मी दिवे लावले. त्या रात्री रेडिओ लावूनच ठेवला होता. त्या दिवसांत शब्बाथसाठी एक मूक वाहिनी ठेवली होती, तिच्यावर धोक्याच्या सूचनेखेरीज काही बोलत नसत. आम्ही त्या मुक्या रेडिओसमोर जेवलो. बापलेक मात्र किल्ल्यातल्या खड्ड्याविषयी बोलत होते.

पुढे १९९२ साली मुलगा सैन्यात गेला. जाताना आपला खिशात मावणारा गेम बॉय माझ्या हातात देऊन गेला. "आई, बसची वाट बघताना खेळ." त्यात टेट्रिस होता. टेट्रिस हा मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजित्नोव्हने १९८४ साली बनवलेला खेळ. चार चौकोनांच्या सात आकृती वरून एकेक करून खाली येतात; त्या फिरवून अशा बसवायच्या की ओळीत फट राहू नये. ओळ भरली की नाहीशी होते. फटी राहिल्या की ढीग वर चढतो आणि डाव संपतो. पाहताक्षणी माझ्या मनात आले, ही तर आमची ट्रंक! १९६९ साली निघताना एका ट्रंकेत खलबत्ता, पुरणयंत्र, शब्बाथचा काचेचा दिवा, दोन रजया आणि एक पितळी डबा, असे सगळे बसवायचे होते. सासूबाई वरून एकेक वस्तू देत होत्या आणि मी फिरवून फिरवून फटीत घालत होते. तेव्हाच मी टेट्रिस शिकले होते म्हणायचे. सागरगोट्यांचा हातही कामी आला.

त्या दिवसांत सोविएत देशांतून पुष्कळ लोक इस्रायलला आले. आमच्या जिन्यावर एक रशियन बाई राहायला आली. माझी हिब्रू मोडकी, तिची त्याहून मोडकी. दोघी नुसत्या हसून मान डोलवीत असू. एकदा मी जिन्यात बसून खेळत होते. यंत्रातून ती नेहमीची धून वाजत होती, आणि ही बाई उभ्या उभ्या ती धून गुणगुणू लागली. ते तिच्याकडचे जुने लोकगीत निघाले, 'कोरोबेइनिकी' नावाचे. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येई. एक डाव माझा, एक डाव तिचा. तिने मला बीटचे सार करायला शिकवले, मी तिला चपाती. मी कारखान्यात जितकी हिब्रू शिकले, त्याहून अधिक त्या जिन्यात शिकले असेन.

वर्षे गेली. मुलाचे लग्न झाले, तो लोदला स्थायिक झाला. २००३ साली नात झाली. माझी नातवंडे मला 'सावता' म्हणतात; पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला सावता माळीच आठवला. २००८ च्या हनुक्कात मुलाने वी नावाचे यंत्र आणले होते. त्यात हातातला दांडा हलवून चेंडू टाकायचा. एका दुखण्यानंतर यांचा उजवा हात अशक्त झाला होता. खुर्चीत बसून डाव्या हाताने हे चेंडू टाकीत आणि पाच वर्षांच्या नातीकडून हरत. "ह्या चेंडूला वजनच नाही, नाहीतर दाखवलं असतं," असे म्हणत. २०१० साली नातू झाला. २०१२ साली हे गेले.

त्यानंतर घरातले मराठी जवळजवळ संपले. मुलगा माझ्याशी फोनवर मराठी बोलतो, पण नातवंडांना येत नाही. २०२० साली पेसाहला सेदेरच्या रात्री करोनामुळे देशभर संचारबंदी होती. आयुष्यात प्रथमच मी एकटी टेबलाशी बसले. चार प्रश्न मीच विचारले आणि मीच उत्तरे दिली. सण झाल्यावर मुलाने एक जुने यंत्र माझ्या दाराशी आणून ठेवले आणि लांबून हात हलवून गेला. फोनवर दहा वर्षांचा नातू एकेक बटण सांगत गेला, आणि तासाभराने आम्ही दोघे, तो लोदला आणि मी दिमोनाला, एकाच जगात उभे होतो. त्या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. चौकोनी ठोकळ्यांचे जग. लाकूड तोडावे, दगड खणावा आणि हवे ते बांधावे.

"सावता, काय बांधू या?"

"माझं घर," मी म्हटले.

गेली साडेपाच वर्षे आम्ही ते बांधत आहोत. जांभा दगड तिथे मिळत नाही, म्हणून भाजक्या मातीचे ठोकळे लावले. कौलांसाठी विटांच्या पायऱ्या उलटसुलट बसवल्या. नारळ नाही, म्हणून जंगलातली उंच झाडे लावली. नातू विचारतो, ह्या खोलीला काय म्हणायचे? मी सांगते, ओटी, पडवी, माजघर, माळा. हे शब्द आता त्याला येतात. परसात घाणाही उभा केला. बैल त्या जगात नाहीत, म्हणून एक गाय दाव्याने घाण्याच्या खांबाला बांधली. पण ती काही गोल फिरत नाही, उभी राहून आपल्याकडे बघते. नातू म्हणाला, "सावता, हिचा रोजच शब्बाथ आहे." विहिरीची मात्र मौज आहे. चौकोनी खड्ड्याच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतले की ते पाणी कितीही उपसा, आटत नाही. अलिबागला मे महिन्यात आमच्या विहिरीने असे केले असते तर!

आणि हा खेळ जतन होतो. थांबलो तरी काही हरत नाही. रविवारी उघडले की खोबरे घाण्यात जिथल्या तिथे.

पण सगळे खेळ असे नसतात. २०२४ साली नातू चौदाचा झाला आणि फोर्टनाइटच्या नादी लागला. त्यात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक जण किंवा एक चमू उरतो. हा खेळ मधेच थांबवता येत नाही, कारण आपल्या चमूतले मित्र आपापल्या घरी बसून आपल्यावर विसंबून असतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा जळे. शाळेतून चिठ्ठ्या आल्या. एका शुक्रवारी मी लोदला गेले होते. सून दिवे लावायला आली, आणि माझा मुलगा, पन्नाशीचा गृहस्थ, तरातरा नातवाच्या खोलीकडे निघाला. त्याचा हात भिंतीतल्या वायरकडे गेला. आतून आवाज आला, "अब्बा, पाच मिनिटं!"

मी एवढेच म्हटले, "अरे, किल्ल्याचा दरवाजा आठव."

त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग आत जाऊन मुलाच्या शेजारी पलंगावर बसला आणि विचारले, "किती जण उरलेत?"

"सहा."

"बरं. हा शेवटचा."

डाव तीन मिनिटांत संपला, नातू हरला. सूनबाईने दिवे वेळेतच लावले. त्या शब्बाथच्या रात्री, तारे दिसल्यावर, मुलगा स्वतः तो खेळ शिकायला बसला आणि बापासारखाच पहिल्याच मिनिटाला मेला. पण त्याला एक गोष्ट कळली, की एक डाव साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. तेव्हापासून त्यांच्या घरी नियम झाला: दिवे लावायच्या आधी एक तास राहिला की नवा डाव सुरू करायचा नाही. हा नियम नातवाने स्वतः घातला आहे. रोजच्या रात्रीचेही तसेच ठरले. तंटा संपला असे मी म्हणत नाही. पण आता तो तंटा दोघे एकाच पलंगावर बसून करतात.

१३ जून २०२५ ला पहाटे पुन्हा भोंगे वाजले. इराणशी युद्ध सुरू झाले होते. पुन्हा शुक्रवारच. शाळा बंद. मुलगा गाडी घेऊन दिमोनाला आला आणि मला लोदला घेऊन गेला. निघताना घाईत मी औषधांची पिशवी उचलली आणि का कोण जाणे, पितळी डब्यातली ती चंचीही तिच्यात टाकली.

रात्री नऊच्या सुमारास आम्ही घरातल्या सुरक्षित खोलीत शिरलो. नात सैन्याच्या राखीव कामावर होती, त्यामुळे चौघेच. सूचना ऐकण्यासाठी मुलाचा एक फोन चालू. जीव वाचवण्यापुढे शब्बाथही बाजूला होतो. नातवाचे यंत्र फळीवर बंद पडले होते. दिवे लावायच्या आधी त्यानेच ते बंद केले होते. तो एकदा त्याच्याकडे पाही, एकदा छताकडे. सून त्याचा हात धरून बसली होती. मी चंची सोडली.

"सावता, हे काय?"

"हा माझा खेळ. ह्याला वायर नाही."

इथली मुले शाळेत पाच खड्यांचा असाच खेळ खेळतात, त्यामुळे त्याला फारसे शिकवावे लागले नाही. फरशीवर मांडी घालून आम्ही चौघे बसलो. माझा हात आता थरथरतो. दुसऱ्याच डावाला सागरगोटा निसटला. मुलाचाही निसटला. नातू बरोबर झेलीत होता आणि मोठ्याने मोजीत होता, "एक, दोन, तीन, चार." वर कुठेतरी मोठा स्फोट झाला, भिंत हलली. वर उडवलेला सागरगोटा खाली पडून घरंगळत दाराशी गेला. कोणी बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, "हा धरायचा नाही. पुन्हा टाक."

दुसऱ्या रात्री शब्बाथ उतरल्यावर नातवाने यंत्र लावले आणि मला हाक मारली. माइनक्राफ्टमधल्या आमच्या घराच्या ओटीवर त्याने दगडाची पाच लहान बटणे ठेवली होती. म्हणाला, "हे तुझे सागरगोटे. इथे निसटणार नाहीत."

मैत्रिणीला मी हे सगळे सांगितले तेव्हा चहा गार झाला होता. ती काही वेळ टीव्हीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आळीच्या तोंडाशी आमचं घर होतं. ते कुठाय?"

मी म्हटले, "अजून बांधलं नाही. तुझ्या ओटीला पायऱ्या किती होत्या?"

"तीन," ती म्हणाली, आणि चष्मा लावून माझ्याजवळ सरकून बसली.